वाकळ आणि पुस्तक

कोल्हापुरातील शिवाजी पेठ ही जुन्या वस्तीची पेठ आहे. तिच्या एका अंगास अंबाबाईचे देऊळ, दुसऱ्या अंगास रंकाळा तलाव आणि मध्ये तालमी, गल्ल्या व दाटीने उभी असलेली घरे. होळी सरून उन्हे तापू लागली की या घरांतील स्त्रिया दुपारच्या वेळी जुन्या कपड्यांची गाठोडी सोडीत आणि वाकळ शिवावयास बसत. काही घरांत अजूनही बसतात. मराठी मुलखात इतरत्र जिला गोधडी म्हणतात, तिलाच कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात.

वाकळ शिवण्याची रीत दिसावयास साधी आहे. जमिनीवर एक जुने लुगडे अंथरावयाचे व ते सरकू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर वजने ठेवावयाची. त्यावर जीर्ण धोतरे, सदरे, चादरी यांचे थर सपाट पसरावयाचे आणि शेवटी वर रंगीत तुकडे मांडावयाचे. मग एका कडेपासून धावदोरा घालीत, चौकटीच्या आत चौकट काढीत, मध्यापर्यंत जावयाचे. प्रत्येक फेरीला हाताने कापड सारखे करावे लागते; नाहीतर मध्यभागी सुरकुत्या गोळा होतात. टाके जवळजवळ घातल्यामुळे थर हलत नाहीत, आणि थरांमध्ये अडकलेली हवा थंडीत अंगाची ऊब धरून ठेवते.

ही विद्या स्त्रियांनी पुस्तकात वाचून मिळविली नाही. आईजवळ बसून मुलगी शिकली आणि तिच्याजवळ बसून तिची मुलगी शिकली. मग वाकळीचा आणि पुस्तकाचा संबंध काय?

हा संबंध पाहण्यासाठी आपण क्षणभर बंगालकडे वळू. तेथेही जुन्या साड्यांचे थर एकत्र शिवून पांघरूण करतात. त्यास ‘काँथा’ म्हणतात. त्यावर सुईदोऱ्याने फुले, पक्षी, माणसे काढलेली असली म्हणजे तो ‘नक्शी काँथा’. १९२९ साली जसीमुद्दीन या कवीने ‘नक्शी काँथार माठ’ हे दीर्घ काव्य प्रसिद्ध केले. त्यातील रूपाई हा शेतकरी एका मारामारीमुळे गाव सोडून परागंदा होतो. त्याची वाट पाहणारी त्याची पत्नी साजू आपल्या संसाराची सारी कथा काँथ्यावर सुईने चितारते. मरताना ती आईला सांगते, की हा काँथा माझ्या कबरीवर पसर. हे काव्य पुढे इंग्रजीतही गेले. खेड्यातील स्त्रियांच्या या कामाला ‘नक्शी काँथा’ हे नाव सर्वत्र मिळाले, ते मुख्यतः या काव्यामुळे. घरोघरी ज्या वस्तूकडे कोणी निरखून पाहत नव्हते, तिच्याकडे एका पुस्तकाने लोकांचे लक्ष वेधले.

आपल्या गोधडीलाही असे पुस्तक लाभले आहे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांचा अभ्यास करून इंग्रजीत एक सचित्र ग्रंथ लिहिला. २०१३ साली तो फ्रान्समधील एका प्रकाशन संस्थेने छापला. ज्यांची नावे कोठे लिहिली गेली नाहीत, अशा स्त्रियांचे हातकाम त्यामुळे दूरदेशीच्या वाचकांपुढे गेले.

पण नक्षी सुचण्यासाठी दूरचेच पुस्तक हवे असे नाही. मुलांनो, तुमच्या दप्तरातील भूमितीचे पुस्तक उघडा. त्यात चौरस, त्रिकोण आणि समांतर रेषा आहेत, आणि वाकळीतही त्याच आहेत. कागदाचा एक चौरस घ्या व त्याचे चारही कोपरे बरोबर मध्यबिंदूवर दुमडा. आत एक नवा, तिरपा चौरस तयार होईल. दुमडलेले चार त्रिकोण त्याला पुरेपूर झाकतात. म्हणून त्याचे क्षेत्रफळ मूळ चौरसाच्या बरोबर निम्मे असते. आता कागद उलगडा आणि मधला चौरस तांबडा व कोपऱ्यांचे चार त्रिकोण निळे रंगवा. वाकळीच्या मध्यभागी शोभेल अशी एक सुंदर नक्षी तुम्हांला मिळाली! आतल्या चौरसात पुन्हा हीच कृती केली, तर नक्षी हवी तेवढी वाढविता येते.

हा कागद घेऊन आजीकडे जा. ती नक्षी पाहील, हसेल आणि पुस्तकात नसलेल्या गोष्टी सांगू लागेल. कागदावरील मापाइतकेच कापड कापले तर तुकडा लहान पडेल. दुमडीसाठी चहूबाजूंनी थोडे कापड अधिक ठेवावे लागते. कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते, म्हणून ते तिरपे कापले की ती कड ताणली जाते. भूमितीच्या पुस्तकातील त्रिकोण कधी ताणत नाही, कापडाचा ताणतो. म्हणून त्याची तिरपी बाजू हलक्या हाताने शिवावी. विरलेला तुकडा कडेला लावू नये, कारण ओढ कडेवरच अधिक बसते. आणि तांबडे कापड घरात नसले, तर बाजारातून आणू नये. आजोबांच्या जुन्या फेट्याचा रंग घ्यावा. नक्षीने घरच्या कापडाशी जमवून घ्यावे, यातच वाकळीची शोभा आहे.

आजीला कदाचित वाचता येत नसेल, आणि तुम्हांला कदाचित सुई धरता येत नसेल. म्हणूनच दोघांनी एकत्र बसावयास हवे. आज दुकानात तयार पांघरुणे सहज मिळतात. त्यामुळे वाकळ शिवणारे हात कमी होत चालले आहेत. असा एक हात थांबला, की त्याच्याबरोबर त्याची विद्याही जाते. ग्रंथालयातील पुस्तक हरवले तर त्याची दुसरी प्रत कोठेतरी सापडू शकते. आजीच्या हाताची दुसरी प्रत नसते.

यासाठी एक काम करा. वाकळ शिवताना एक वही जवळ ठेवा. कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा आहे, तो कोणत्या प्रसंगी घेतला होता, टाका कसा घातला, हे आजीला विचारून त्यात लिहा. आत्याच्या लग्नातील लुगडे, बाबांचा शाळेतील सदरा, धाकट्या भावाचे अंगडे, असा घराचा इतिहास त्या वहीत उतरेल. पुस्तकातून सुचलेली नक्षी वाकळीत जाईल आणि वाकळीतून एक नवे पुस्तक तयार होईल. थंडीच्या रात्री ती वाकळ तुम्ही पांघराल, तेव्हा तिच्यातील एकही तुकडा तुम्हांला परका वाटणार नाही.

स्वाध्याय

१. वाकळ शिवताना प्रत्येक फेरीला हाताने कापड सारखे का करावे लागते?
२. जसीमुद्दीन यांच्या काव्यामुळे कोणती गोष्ट घडून आली?
३. पुस्तकातील त्रिकोण आणि कापडाचा त्रिकोण यांत कोणता फरक आहे?
४. ‘आजीच्या हाताची दुसरी प्रत नसते’, या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : जीर्ण, परागंदा होणे, लक्ष वेधणे, पुरेपूर.
६. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वाकळीची माहिती वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.