चांचा कोणास म्हणावें?

घोड व भीमा यांच्या कांठीं वाढलेल्या आमच्या शिरूर-दौंडकडील विद्यार्थ्यांस समुद्र दूरचा वाटतो. परंतु कोंकणच्या समुद्रावरील एका सत्तेचा निकाल आपल्या पुण्याच्या दरबारानेंच लाविला; म्हणून तिची हकीकत येथें देत आहों.

कान्होजी आंग्रे (मृत्यु १७२९) हे छत्रपतींचे सरखेल. अलिबागेजवळील कुलाबा व दक्षिणेस विजयदुर्ग हीं त्यांचीं मोठीं ठाणीं. किनाऱ्यानें जाणाऱ्या व्यापारी जहाजानें त्यांचें दस्तक घ्यावें, न घेतल्यास तें धरलें जाई. एवढ्यावरून इंग्रज ग्रंथकारांनीं त्यांस चांचा ठरविलें. पण ही चाल नवी नव्हती. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना सक्तीनें घ्यावयास लावीत, व तो नसलेलीं जहाजें पकडीत. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर स्वारी केली, ती फसली.

असाच प्रकार उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील त्रिपोली प्रांतांत दिसतो. तुर्की सुलतानाच्या सैन्यानें तो १५५१ सालीं संत योहानाच्या सरदारांपासून जिंकिला. १७११ पासून तेथें करमानली घराणें सुलतानाच्या नांवानें, पण बहुतेक स्वतंत्रपणें राज्य करूं लागलें. आपलीं जहाजें निर्वेध जावीं म्हणून युरोपीय राष्ट्रें त्यास द्रव्य देत. अमेरिकेनें वाढती मागणी नाकारली, तेव्हां १८०१ ते १८०५ पर्यंत युद्ध झालें. त्रिपोलीकर कैद्यांस गुलाम करीत, हें खरें. पण माल्टा बेटावरील ख्रिस्ती सरदारही मुसलमान कैद्यांस वल्ह्यांच्या जहाजांवर जुंपीत, हेंही तितकेंच खरें. कैद्यांचें दुःख दोहोंकडे सारखेंच.

दोन्ही सत्तांचा शेवटही सारखा झाला. तुळाजी आंग्रे जुमानीत नाहींत म्हणून पेशव्यांनीं इंग्रजांशीं करार केला. १७५६ सालीं विजयदुर्ग पडला, आंगऱ्यांचें आरमार जळालें, आणि समुद्र इंग्रजांस मोकळा झाला. तिकडे १८३५ सालीं सुलतानानेंच करमानलींस दूर केलें. पुढें १९११ सालीं इटलीनें स्वारी केली, तेव्हां त्रिपोलीस स्वतःचें आरमार उरलें नव्हतें.

विद्यार्थ्यांनीं इतिहासांत ‘चांचा’ हा शब्द वाचतांच तीन प्रश्न करावे: हा मनुष्य कोणाच्या आज्ञेनें वागत होता? हें नांव त्यास कोणीं दिलें? आणि नांव देणारा स्वतः तेंच करीत होता काय? पालकांनींही घरीं हे प्रश्न मुलांस घालावे. दशाज्ञांत खोट्या साक्षीचा निषेध आहे. तो इतिहास लिहिणारांस व वाचणारांसही लागू आहे, असें आम्हांस वाटतें.