झाडाखालची कोरडी जागा मृगातच झाका

धुऱ्यावरच्या आंब्याखाली, कडुलिंबाखाली सोयाबीन खुरटतं आणि आपण दोष सावलीला देतो. खरी ओढाताण पाण्याची असते. हलक्या सरीचं पाणी दाट पानांवरच अडकून उडून जातं, आणि जे मातीत मुरतं ते झाडाच्या वरवरच्या मुळ्या आधी पितात. म्हणून सावलीसोबत कोरड सोसणारी वनस्पतीच अशा जागी टिकते. हळदीला विरळ सावली मानवते, पण तिला ओल कायम लागते. ठिबक नसेल तर चिंचेखाली हळदीच्या बेण्यावर पैसा घालू नका.

घराजवळ, गोठ्यामागे, शाळेच्या आवारात स्नेक प्लांटला तोड नाही. जाड पानांत पाणी साठवतो, एकेक फुटावर लावला की हळूहळू जागा भरतो. जिथे थोडं ऊन झिरपतं तिथे कोरफड. धुऱ्यावर शतावरी चालते, कारण तिच्या मांसल मुळ्यांत पाण्याचा साठा असतो; मात्र रानडुकरांचा वावर असेल तिथे मुळ्या उकरल्या जाण्याचा धोका धरा. मोकाट जनावरं फिरतात तिथे अडुळसा लावून छाटत राहा, शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाही. सावलीच्या कडेला आपोआप उगवणारा तरोटा उपटू नका. तो गाजर गवताला दाबतो आणि कोवळा असताना भाजीलाही येतो. पिवळ्या फुलांचा वेडेलिया रोपवाटिकेत स्वस्त मिळतो, पण तो पसरला की आवरत नाही. शेताजवळ नकोच.

मंगरूळपीर-कारंजाकडच्या संत्रा बागांचं गणित वेगळं आहे. संत्र्याच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या बहुतांशी वरच्या फूटभर मातीत असतात, त्यामुळे घेराखाली जिवंत आच्छादन लावलं तर ते झाडाच्याच तोंडचं पाणी घेतं. तिथे रोटाव्हेटरही नको. सोयाबीनचं कुटार तीन-चार इंच जाड पसरा, पण खोडापासून फूटभर जागा मोकळी ठेवा, कारण खोडाला ओल लागून राहिली की डिंक्या बळावतो. ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात पावसाळ्यात चवळी किंवा ताग घ्या आणि फुलोऱ्यावर येताच कापून तिथेच अंथरा. आंबिया बहारासाठी ताण देताना कुटार बाजूला ओढा, नाहीतर ओल टिकून ताण नीट बसत नाही.

लागवडीची वेळ मात्र चुकवू नका. आपल्याकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावलेल्या रोपाला दिवाळीपर्यंत मुळं धरायला वेळ मिळतो. सप्टेंबरात लावलेल्याला उन्हाळ्यात हातानं पाणी द्यावं लागतं. खड्ड्यासाठी जाड मुळ्या तोडू नका, दोन मुळ्यांमधली पोकळी शोधा. मूठभर कुजलेलं शेणखत पुरे. पहिला पावसाळा तेवढी निंदणी करा.

आणि झाडाखालचा पाला पेटवू नका. एकही रोप घेतलं नाही तरी चालेल, पण तो पाला जागेवर राहू द्या. जागेबद्दल शंका असेल तर रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, लागवडीआधी तिथे विचारून घ्या.