'साइट भंगार आहे' म्हणजे नेमकं काय?

विद्यापीठाच्या संकेतस्थळाबद्दल होस्टेलवर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: 'भंगार आहे राव!' भावना पोचतात, पण दुरुस्ती करणाऱ्याला त्यातून काय कळणार? सर्व्हर कमी पडला, दुवा सापडला नाही की फाइल मोबाईलवर उघडली नाही?

म्हणून मत विचारण्याऐवजी काम द्यावं आणि बघत बसावं. याकोब नीलसन यांनी २००० साली मांडलं की पाच जणांना वापरताना पाहिलं तरी साधारण ८५ टक्के अडचणी दिसतात. मी आमच्या मजल्यावरचे पाच जण बसवले. (संकेतस्थळ कुठलं ते विचारू नका, माझी सबमिशन्स बाकी आहेत!) काम एकच: पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख शोधा. चौघे थेट 'विद्यार्थी' या दुव्यावर गेले. तारीख होती 'परीक्षा विभाग', मग 'परिपत्रके' यात. म्हणजे मांडणी कार्यालयाच्या टेबलांप्रमाणे, शोधणाऱ्याच्या डोक्याप्रमाणे नाही. त्यात परिपत्रक स्कॅन केलेलं. स्कॅन म्हणजे अक्षरांचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर तो वाचूनही दाखवू शकत नाही. तीच तारीख युनिकोडमध्ये पानावर टाईप केली तर खर्च शून्य.

हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेच्या रँडल मन्रो यांनी २०१० मध्ये 'एक्सकेसीडी'त दोन वर्तुळं काढली: विद्यापीठाच्या मुखपृष्ठावर काय असतं आणि लोक काय शोधतात. दोन्हींत समान गोष्ट एकच, संस्थेचं पूर्ण नाव!

आपल्याकडे मात्र हसून भागत नाही. मुंबई विद्यापीठाचं क्षेत्र पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत. ठाणे, कल्याणला उपकेंद्रं झाली, तरी तारीख सापडली नाही की डोंबिवलीचा पोरगा लोकलला लटकून कुर्ल्याला उतरतो आणि कलिना गाठतो. एका ओळीसाठी अर्धा दिवस. सावंतवाडीवाल्याचं तर बोलायलाच नको.

अर्थात प्रत्येक तक्रारीचं औषध वेबसाइटपाशी नसतं. २०१७ मध्ये ऑनस्क्रीन तपासणीमुळे निकाल रखडले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून जावं लागलं. निकालच तयार नसेल तर पान कितीही देखणं करा, उपयोग काय? निकालाच्या दिवशीची गर्दी मात्र नक्की आवरता येते: निकाल वेगळ्या सर्व्हरवर, पान हलकं, फिरती छायाचित्रं बंद.

आणि बदल केल्यावर पुन्हा पाच जण बसवायचे. नवे. जुन्यांना रस्ता पाठ झालेला असतो.