रब्बीच्या पाळीपूर्वी चारीची डागडुजी

पर्जन्यकाळ सरून 15 ऑक्टोबरपासून रब्बीचा सिंचन हंगाम सुरू झाला, म्हणजे पाणीवापर संस्थेच्या सभासदांची सारी चर्चा पाण्याचा कोटा किती मंजूर होतो याच प्रश्नाभोवती घोटाळत राहते. ज्या चारीतून ते पाणी यावयाचे, तिच्यात माजलेला लव्हाळा आणि साचलेला गाळ मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो.

धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील बंधाऱ्यांच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या फड पद्धतीत पाणी देणे पाटकऱ्याकडे, राखण जागल्याकडे आणि पाटाची सफाई सर्व बागाईतदारांच्या शिरावर असे. पाट मनास येईल तेव्हा फोडून घेण्याची मुभा कुणासही नसे. त्या पद्धतीचे टिकाऊपण, माझ्या मते, बंधाऱ्याच्या चिरेबंदीपेक्षा कामांच्या या वाटणीत अधिक होते. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या अधिनियमाने पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळात मुखाकडील, मधल्या व टेलच्या भागांना प्रतिनिधित्व दिले आहे; ते केवळ कागदोपत्री राहू नये, यासाठी सफाईपूर्वीची पाहणी टेलच्या संचालकास बरोबर घेऊन, टेलकडूनच सुरू करावी.

या फेरीत भरावावरील खेकड्यांची व उंदरांची बिळे बारकाईने पाहावीत. बिळाच्या तोंडाशी ढेकूळ दडपून काम उरकण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे, आणि तिचे फळ बहुधा ऐन पाळीत, रात्री भराव फुटून मिळते. बीळ आतपर्यंत उकरून काढावे, ओलसर चिकणमाती पातळ थरांनी भरावी आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकून घ्यावा. गाळ काढताना तळ मूळ उतारापेक्षा खोल जाऊ देऊ नये, अन्यथा पाणी खड्ड्यांत तुंबून राहते; काढलेला गाळ काठावरच टाकला, तर तो पुन्हा आत घसरतो. गेटच्या आट्यांना ग्रीस लावणे हे तर अर्ध्या तासाचे काम.

श्रमदानास जो येणार नाही त्याने ठरलेली रक्कम पाळीपूर्वी भरावी, आणि हा नियम चेअरमनसही लागू असावा. देखभालीचा निधी पाणीपट्टीच्या वसुलीत मिसळू नये. पाळी चालू असताना पाटकऱ्याने मोजपट्टीवरील पातळी व प्रत्येक दार उघडल्या-मिटल्याची वेळ रोज नोंदवावी, आणि ते दफ्तर कपाटात कुलूपबंद न ठेवता कुणाही सभासदास मागताक्षणी दाखवावे.