छायाचित्रावरून सिर्फिड माशीची ओळख

बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याखाली उसाचे पीक मोठे आहे, तर जिराईत भागात रब्बी ज्वारी व करडई घेतली जाते. या पिकांवर मावा पडला म्हणजे त्याच्यामागोमाग सिर्फिड माशी येते. पश्चिम महाराष्ट्रात २००२ साली उसावर लोकरी माव्याचा उद्रेक झाला. त्या वेळी मावा खाणाऱ्या मित्रकीटकांत डिफा व मायक्रोमस यांच्यासह सिर्फिड माशीही आढळली. असे असूनही तिची अळी दिसताच पिकावर कीड पडली, असे समजून औषध फवारले जाते. त्यात रक्षकच मरतो व मावा पुन्हा वाढतो. म्हणून ही माशी ओळखता येणे अगत्याचे आहे.

मधमाशी, फळमाशी व सिर्फिड माशी

पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे सिर्फिड माशी मधमाशीसारखी किंवा गांधीलमाशीसारखी दिसते. परंतु मधमाशीस पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. हिचे डोळे मोठे व मिशा आखूड असतात. नांगी मुळीच नसते. ती हवेत एके जागी तरंगत राहते. फळमाशीसही पंखांची एकच जोडी असते. पण तिच्या पंखांच्या कडेवर तपकिरी पट्टा असतो आणि मादीच्या पोटाचे टोक अंडी घालण्यासाठी अणकुचीदार असते.

छायाचित्र कसे घ्यावे

सकाळच्या गारव्यात माशी सुस्त असते. ती वेळ साधावी. एकाच माशीची तीन छायाचित्रे घ्यावीत : वरून, बाजूने व समोरून. वरून पोटावरील पट्टे, बाजूने छातीचा रंग व पाय, आणि समोरून डोळे दिसतात. बहुतेक जातींत नराचे डोळे डोक्यावर एकमेकांस भिडतात, मादीचे अलग असतात. छायाचित्रासोबत गाव, तारीख, पीक आणि मावा होता किंवा कसे, याची नोंद करावी.

काही ठळक खुणा

(१) इस्किओडॉन स्क्युटेलॅरिस : छातीच्या दोन्ही कडांवर ठसठशीत पिवळी किनार, पोट काळे, त्यावर पिवळे पट्टे. ही करडईवरील माव्यात आढळते.

(२) एपिसिर्फस : पोटाच्या तिसऱ्या व चौथ्या वलयावर प्रत्येकी एक रुंद व एक बारीक असे दोन काळे पट्टे.

(३) पॅरॅगस : आकाराने लहान, पाच-सहा मिलिमीटर, चटकन नजरेस येत नाही.

(४) एरिस्टॅलिनस : डोळ्यांवर ठिपके किंवा रेघा. हिची अळी मावा खात नाही, ती साचलेल्या घाण पाण्यात वाढते. माशी मात्र फुलांवर येऊन परागीभवनास मदत करते.

अळीची ओळख

मावा खाणाऱ्या जातींची अळी पाय नसलेली, पुढे निमुळती व मागे रुंद असते. तिला स्पष्ट डोके दिसत नाही. एक अळी आपल्या आयुष्यात शेकडो मावा खाते. कोष थेंबाच्या आकाराचा असून पानास चिकटलेला असतो. मात्र पाय असलेली प्रत्येक अळी शत्रूच, असे समजू नये. लोकरी माव्यातील डिफाच्या अळीस पाय असतात, तरीही ती मित्रच होय.

अळीवरून जात ठरविणे कठीण जाते. त्याकरिता मावा असलेल्या पानासह अळी काचेच्या बरणीत ठेवावी, तोंडास पातळ कापड बांधावे व रोज ताजा मावा द्यावा. कोषातून माशी बाहेर पडली की तिचे छायाचित्र घ्यावे.

छायाचित्राची मर्यादा

छायाचित्रावरून प्रजाती बहुधा कळते, जात नेहमीच कळते असे नाही. स्फिरोफोरिया व पॅरॅगस यांच्या काही जातींत नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज निर्णय होत नाही. अशा वेळी केवळ प्रजातीचे नाव लिहावे. अंदाजाने जात लिहू नये. शंका असल्यास छायाचित्रे बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांस दाखवावीत.

शेतकऱ्याच्या निर्णयासाठी मात्र जातीचे नाव कळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. माव्याच्या वसाहतीत बिनपायाच्या अळ्या व थेंबासारखे कोष दिसू लागले, तर फवारणीची घाई करू नये. दोन-तीन दिवसांनी त्याच झाडांची पुन्हा पाहणी करावी व मावा वाढतो आहे की घटतो आहे, हे पाहून पुढील उपाय ठरवावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही पाहणी शेतकऱ्यांसमवेत बांधावर उभे राहून करावी, हे इष्ट होय.