सड्यावर चित्रवही घेऊन

पाऊस ओसरायला लागला की मी चित्रवही घेऊन कासच्या पठारावर जाते. साताऱ्याजवळचं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. तिथं चालता-बसता जे उमगलं, ते असं:

१. आधी दगड काढा, मग फूल. हा जांभ्याचा सडा. वर माती जेमतेम बोटभर, म्हणून मोठी झाडं तग धरत नाहीत आणि फुलांना मोकळं रान मिळतं. चित्रात तो तांबूस, भोकाभोकांचा दगड नसेल तर फूल कुंडीतलं वाटतं.

२. उकिडवं बसा. उभ्यानं नुसता जांभळा पट्टा दिसतो. बसल्यावर त्यातली सीतेची आसवं एकेक वेगळी होतात: नखाएवढं फूल, पसरट खालचा ओठ, गळ्याशी फिकट ठिपका, मागे अणकुचीदार टोक. या मातीत कस नाही. म्हणून ही नाजूक वनस्पती जमिनीतल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. हे कळल्यावर पेन्सिल जरा जपूनच चालते.

३. रंग जागेवरच लावा. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. ढग सरकला की तो तीन मिनिटांतही बदलतो. फोटोवरून रंगवलेला तेरडा हमखास भडक होतो. धुक्यात जलरंग वाळत नाहीत, तेव्हा रंगीत पेन्सिली बऱ्या.

४. फुलांची चौकशी गावातल्या बायकांकडे करा. पर्यटकांचा ‘मिकी माउस’ म्हणजे कवला. त्याच्याच जातकुळीतल्या कवल्याची पावसाळ्यात भाजी होते. तेरडा तर कित्येक घरांत गौर म्हणून येतो. फूल कुणाच्या ताटात, कुणाच्या देव्हाऱ्यात जातं हे कळलं की चित्रात गाव येतं.

५. न फुललेलंही काढा. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा बहरते. मधल्या वर्षांत तिचं झुडूप पालथ्या टोपलीसारखं गोल बसलेलं असतं. रेषेचा हात बसवायला त्याहून चांगला विषय नाही.

६. पायवाट सोडू नका. चांगल्या कोनासाठी दोन पावलं आत टाकली, तर बोटभर मातीतलं सगळं चिरडतं.

७. कासलाच गेलं पाहिजे असं नाही. आपल्या गावाजवळच्या माळावरही काहीतरी फुलतंच. एकच जागा धरा, दर पावसाळ्यात तीच काढा. फूल मात्र तोडून आणू नका. पुढच्या वर्षी बी तिथंच पडायला हवं.