चौथी मेणबत्ती चौथ्यालाच

सूनबाई, यंदापासून आगमनकाळाचं चक्र तू करायचंस. माझे हात आता थरथरतात आणि पेटत्या वातीजवळ थरथरता हात नको. म्हणून चार गोष्टी कानात घालून ठेवते.

आधी त्याच्या नावाचं. त्याला पुष्पचक्र म्हणू नकोस, ते आपण शवपेटीवर ठेवतो. हे आगमनचक्र. शेजारणीनं विचारलंच तर सांग, येशूबाळाच्या जन्माआधीचे चार रविवार आम्ही चार मेणबत्त्यांनी मोजतो. तिन्हीसांजेला दिवा का लावायचा, हे आपल्या बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

हे फार जुनं आहे असं मात्र कुणाला सांगू नकोस. 1839 साली जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न नावाच्या प्रोटेस्टंट पाद्रींनी पोरक्या, गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं रोज विचारायची, त्यांना दिवस मोजता यावेत म्हणून. साध्या वारांना छोट्या लाल, रविवारी मोठी पांढरी. कॅथलिकांनी ते पुढे उचललं, 1925 मध्ये कोलोनच्या एका चर्चमध्ये. आपला सिंधीपुरा दरवाजा ज्या तटात आहे, तो निजाम असफजाहाचा तट 1731 चा. म्हणजे हे चक्र त्याहून शंभर वर्षांनी धाकटं. धाकटं असलं म्हणून काय झालं? मुलांच्या प्रश्नातून निघालंय, म्हणूनच मला ते जवळचं वाटतं.

सुरुवातीची तारीख दरवर्षी बदलते. 25 डिसेंबरच्या आधीचे चार रविवार मागे मोज, खुद्द 25 ला रविवार आला तर तो धरू नकोस. 2022 साली 27 नोव्हेंबरला सुरुवात झाली, पुरते 28 दिवस मिळाले. 2023 साली 3 डिसेंबरला झाली आणि चौथा रविवार नेमका 24 तारखेला आला. चौथी मेणबत्ती लावली न लावली तोच नाताळची मिस्सा आली. अशा वर्षी फराळाची घाई आधीच उरकून ठेव, नाहीतर चौथा आठवडा करंज्यांच्या तुपातच बुडतो.

आता बैठक. बाजारातली तारेची कडी आणू नकोस. घड उतरवल्यावर केळीचा खांब बागेत पडूनच असतो, आपल्या बुऱ्हाणपुरात तो मागितला तर कुणी नाही म्हणणार नाही. त्याचे चार बोटं उंचीचे चार तुकडे कर, परातीत गोल मांड आणि प्रत्येकात सुरीच्या टोकानं मेणबत्तीपेक्षा जरा बारीक भोक पाड. मेणबत्ती त्यात घट्ट बसते, आणि ती खाली जळत आली तरी ओला खांब पेट घेत नाही. कापताना जुनी साडी नेस, केळीच्या चिकाचा डाग धुतला तरी जात नाही. आठवडाभरात तुकडे काळे पडतात, तेव्हा दर शनिवारी नवे कापायचे.

भोवती हिरवं लावायचं. ते न सुकणाऱ्या जिवाचं आणि गोल म्हणजे देवाला आदि नाही, अंत नाही. युरोपात सूचिपर्णी फांद्या लावतात, आपल्याकडे मोरपंखी उत्तम. आंब्याची पानं नकोत. एका वर्षी मी आंब्याचा डहाळा लावला, तिसऱ्या दिवशी पानं कुरकुरीत झाली, एकाला ज्योत लागली आणि सासूबाईंच्या हातच्या क्रोशाच्या रुमालाला मुठीएवढं भोक पडलं. तेव्हापासून चक्राखाली कापड नाही, आणि शेजारी पाण्याचा तांब्या असतो.

रंग तीन जांभळे, एक गुलाबी. जांभळा हा तयारीचा, मन आवरण्याचा रंग, फादरांचा झगाही तोच असतो. गुलाबी तिसऱ्या रविवारी. त्याला लॅटिनमध्ये गाउदेते म्हणतात, म्हणजे आनंद करा. वाट अर्ध्याहून जास्त सरली, म्हणून थोडं हसायचं. तो गुलाबी फिका हवा, राणी कलर नको. अशा मेणबत्त्या इथे मिळतीलच असं नाही. चारही पांढऱ्या चालतात, चारही जांभळ्या चालतात, चर्चची ना नाही. मी पांढऱ्यांच्या बुडाशी रंगीत कापडाची पट्टी बांधते, अगदी बुडाशी, ज्योत तिथवर येणार नाही अशी.

शनिवारी संध्याकाळीच रविवार लागतो असं मानून मी तेव्हा पहिली लावते, मग दर आठवड्याला एक वाढवते. धाकट्याच्या हाताला धरून लाव. चर्चमध्ये मिस्सा हिंदीत असते, घरची प्रार्थना मात्र मराठीत होऊ दे. पंधरा मिनिटं पुरे. मग फुंकर मारू नकोस, मेण उडतं. लहान चमचा उलटा धरून ज्योत शांत कर.

आणि हे नीट ऐक. तुझा नवरा पाच वर्षांचा होता. दुसऱ्याच आठवड्यात पाहुणे आले आणि शोभा दिसावी म्हणून मी चारही पेटवल्या. तो धावत नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याकडे गेला, त्यानं गवतात हात घालून पाहिलं आणि परत येऊन म्हणाला, "आई, बाळ कुठंय?" मला उत्तर सुचलं नाही. मी तिथल्या तिथे दोन शांत केल्या. पाहुणे, फोटो, काही असो, न पेटलेली मेणबत्ती न पेटलेलीच राहू दे. आपण वाट बघतोय, हे तीच सांगते. गोठा आधी बांध, पण बाळ 24 च्या रात्रीच ठेव.

शेवटच्या आठवड्यात पहिली मेणबत्ती टाचेएवढी उरते, चौथी उंच असते, चौघी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. मुलं म्हणतील, बुटकी काढ, नवी लाव. लावू नकोस. किती संध्याकाळी आपण बसलो, ते त्या बुटकीवरच मोजता येतं.

नाताळला चारही काढून नव्या पांढऱ्या लाव, प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणापर्यंत त्या राहू देत. उरलेले तुकडे फेकू नकोस. कपाटात बिस्किटाचा डबा आहे, त्यात जमव. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ते वितळवून मातीच्या पणतीत ओतते मी, आणि तुझ्या सासऱ्यांच्या कबरीवर लावते.